आषाढातला मंगळ

आषाढात आकाशात ग्रह दिसत नाहीत. चिंचवडच्या आमच्या गच्चीवरून तर नाहीच नाही. ढग इतके खाली उतरतात की पाण्याच्या टाकीला टेकलेत असं वाटावं. दिवसभर उजेड असा मळकट, की सकाळ आहे की संध्याकाळ ते घड्याळाला विचारावं लागतं. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, दारं फुगून चौकटीत अडकतात. आणि दर वर्षी या दिवसांत मला एक जुनी धाकधूक आठवते. एकोणीसशे शहात्तरचा सबंध आषाढ मी एका ग्रहाच्या भीतीत काढला होता, आणि तो ग्रह त्या महिन्यात मला एकदाही दिसला नव्हता.

परवा भाचीचा फोन आला. ती मारुंजीला भाड्यानं राहते, हिंजवडीत नोकरी करते. लग्नाचं कुठंसं जमत आलंय. म्हणाली, "मावशी, त्या मुलाच्या आईनं विचारलं, मंगळ आहे का म्हणून. मी हसले गं. पण नंतर झोपच आली नाही." मी तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या आणि फोन ठेवून खिडकीशी उभी राहिले. हसणं आणि झोप न येणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला, एकाच दिवशी होऊ शकतात, हे मला कुणी सांगायला नको.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन पिंपरीच्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागले होते. मोठाल्या टाक्यांत बुरशी वाढवायची आणि तिच्यापासून औषध काढायचं, असं ते काम. त्या टाक्यांचा वास पावसाळ्यात जड व्हायचा आणि वस्तीवर बसायचा, शिळ्या ताकासारखा, आंबलेल्या पिठासारखा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला त्याचं काहीच वाटेनासं झालं होतं.

माझ्या पत्रिकेत मंगळ होता. मंगळाची मुलगी नवऱ्याला भारी पडते, म्हणजे सरळ सांगायचं तर त्याचा जीव घेते, असं लोक मानत. माझे वडील, दादा, चिंचवडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. स्थळ आलं की पहिल्या चहालाच सांगायचे, "मुलीला मंगळ आहे. आम्ही मानत नाही." पहिलं वाक्य लोक नीट ऐकायचे, दुसरं ऐकायला थांबायचे नाहीत. आई माझ्यासाठी मंगळवार धरायची. तिनं मला पोवळ्याची अंगठी करून घातली होती. प्रयोगशाळेत हात धुताना ती काढावी लागे, आणि संध्याकाळी घराच्या फाटकाशी मी ती पुन्हा बोटात सरकवत असे, आईला वाईट वाटू नये म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगत असे.

एकदा माझ्या मावशीनं सुचवलं, की मुलीचं आधी मातीच्या घड्याशी लग्न लावावं, घडा पाण्यात सोडावा, म्हणजे दोष त्याच्यावर जातो. दादा चष्मा काढून म्हणाले, "माझी मुलगी मडक्याशी संसार करणार नाही." आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि कितीतरी वेळ नळ नुसताच वाहत राहिला.

सोपान आमच्याच कारखान्यात होता. टाक्यांवरची तापमानाची, दाबाची मापकं दुरुस्त करणं हे त्याचं काम. टाकीतली उष्णता जराशी इकडेतिकडे झाली तर आतला सगळा माल मरतो, म्हणून तो सतत काट्यांवर नजर ठेवून असे. गाव कुरुळी, चाकणच्या अलीकडे. घरी शेती, आणि आई एकटी. पावसाळ्यात रोज सायकल मारणं जमेना म्हणून त्यानं पिंपरीत एक खोली घेतली होती आणि गुरुवारच्या सुट्टीला तो गावी जाई. आमच्या दोघांच्या घरची रीत एकच होती, मूळ गावंही एकाच तालुक्यातली. दुसरी कुठली अडचण नव्हतीच.

त्या दिवसांत त्याला एकच विषय होता. अमेरिकेनं मंगळावर व्हायकिंग नावाचं यान पाठवलं होतं. माणूस नाही, नुसतं यंत्र. वर्षभर प्रवास करून ते मंगळाभोवती फिरायला लागलं होतं आणि त्याच्या पोटातला एक भाग खाली उतरणार होता. त्याला एक लांब हात होता. तो माती उकरून आत घेणार आणि तिच्यात जीव आहे का ते तपासणार. आणीबाणीचे दिवस. कॅन्टीनमध्ये माणसं आवाज खाली ठेवून बोलायची. सोपानचा आवाज तेवढा मंगळाच्या नादात चढायचा.

"ठरलेली जागा खराब निघाली म्हणे," तो एकदा म्हणाला. "वरून फोटो काढले तर सगळा खाचखळग्यांचा मुलूख. आता दुसरी जागा शोधतायत. तोवर फिरत बसलंय बिचारं."

"आणि उतरताना बिघडलं तर?"

"तर काही नाही. इथून हात पोचत नाही. पडलं की उभं राहिलं, ते कळायलासुद्धा बराच वेळ जातो. बातमी यायच्या आधी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं."

त्याच दिवशी, चहाचा कप हातात असताना, मी त्याला माझा मंगळ सांगून टाकला. आम्ही एकमेकांना काही बोललो नव्हतो, पण बोलायचं राहिलंय हे दोघांना ठाऊक होतं. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "आईला सांगणं अवघड जाईल."

मग त्यानं सांगितलं. तो लहान असताना त्याचे वडील कांद्याची गाडी घेऊन चाकणच्या बाजाराला निघाले. ओढ्यात चाक घसरलं, गाडी उलटली, आणि ते तिच्याखाली गेले. त्यानंतर गावानं, भावकीनं एकच म्हटलं, बाईला मंगळ होता. तिनं नवरा खाल्ला. त्याची आई ते शब्द घेऊन आजवर जगत आली होती.

"तुम्ही नका सांगू त्यांना," मी म्हणाले.

"सांगणार," तो म्हणाला. "लपवून आणायला तुम्ही काय चोरीचा माल आहात?"

यान उतरलं ते मंगळवारी. संध्याकाळच्या बातम्यांत रेडिओवर ऐकलं तेव्हा दादा खुर्चीतून उठून उभे राहिले. आईचा उपवास होता. ती साबुदाणा परतत होती. "आज? मंगळवारीच?" असं म्हणून तिनं उलथनं हातात असतानाच नमस्कार केला. तो यंत्राला होता, की ग्रहाला, की दोघांचं भांडण झालं नाही म्हणून, मला कळलं नाही. पुढं एक-दोन दिवसांत वर्तमानपत्रात फोटो आला. यंत्राचा एक पाय आणि त्याच्याभोवती दगड. बाकी काही नाही. ज्या ग्रहापायी लोक आमच्या घरचा चहा अर्धा टाकून उठले होते, तिथं नुसते दगड पडलेले होते. मी तो फोटो किती वेळ बघत बसले कोण जाणे.

सुट्टीला सोपान गावी गेला. जाताना म्हणाला, शुक्रवारी येतो.

शुक्रवारी तो आला नाही. रात्रीपासून पाऊस धरून होता. दुपारी कुणीतरी बातमी आणली, की मोशीला इंद्रायणीचं पाणी पुलावर आलंय, नाशिक रस्ता बंद आहे. मला हायसं वाटलं. रस्ताच बंद, म्हणून आला नाही. तासाभरानं तेच वाक्य उलटं होऊन समोर आलं. रस्ता बंद व्हायच्या आधी तो निघाला असेल तर? त्यानं पाण्यातून सायकल घातली असेल तर?

शनिवारीही त्याची जागा रिकामी. त्यांच्या खात्यात विचारलं, तर काही निरोप नव्हता. हातातली काचेची बशी सुटून फुटली. दुसरी सुटली. मुख्य बाई म्हणाल्या, "शैला, बरं नाही का? घरी जा." पण घरी जाऊन काय करायचं होतं? कामावर निदान हात गुंतलेले होते. मी खिडकीतून फाटकाकडं बघायची, छत्र्या मोजायचा कंटाळा आला तरी बघायची. आणि आत कुठंतरी एक आवाज, अगदी मावशीच्या आवाजासारखा, हळूच म्हणत होता, 'तुझं नुसतं नाव घरात काढलं, आणि बघ.'

मी त्या आवाजाशी भांडले. ग्रह किती लांब आहे, तो माझ्या जन्माच्या वेळी कुठं होता त्याच्याशी मोशीच्या पुलाचा काय संबंध, हे सगळं मला येत होतं. शाळेत दादांनीच शिकवलेलं होतं. पण भीतीला शाळेत जावं लागत नाही. त्या संध्याकाळी मी घराच्या फाटकाशी थांबून अंगठी घातली, आणि त्या वेळी आई मनात नव्हती.

दादांनी ते पाहिलं. ते ओसरीत उभे होते. "आईसाठी घातलीस?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग रडूच आलं. "दादा, माझा विश्वास नाही हो. खरंच नाही. पण भीती वाटते."

दादांनी पुढं येऊन माझी छत्री हातात घेतली. मला वाटलं आता समजावतील. ते म्हणाले, "मलाही वाटते. तुझ्या जन्मापासून वाटते. म्हणून तर मी एवढ्या मोठ्यानं सांगतो, की आम्ही मानत नाही." मग छत्री झटकत म्हणाले, "उद्या कुरुळीला जाऊ. इथं बसून जीव झुरवण्यात अर्थ नाही."

रविवारी मी कामावर रजा टाकली. पाणी उतरलं होतं. मोशीपर्यंत एसटी मिळाली. पुलावर गाळ, कठड्याला अडकलेलं गवत, एक तुटकी टोपली. तिथून आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूंना बाजरीची कोवळी पानं पाण्यात उभी. दादा एरवी चालताना सतत काहीतरी सांगणारे. त्या दिवशी ते माझ्या दोन पावलं पुढंच चालत राहिले. कुरुळीच्या वेशीवर एका म्हाताऱ्याला सोपानचं घर विचारलं. तो म्हणाला, "सोप्या व्हय? पाय मोडून पडलाय की. जावा, सरळ जावा."

पडलाय. म्हणजे आहे. दादांनी माझा दंड धरला आणि आम्ही सरळ निघालो.

सोपान पडवीत बाजेवर होता. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, चेहरा तापानं उतरलेला. शुक्रवारी पहाटे, आईशी वाद घालून तो रागारागानं निघाला होता, आणि पुलाच्या अलीकडच्या उतारावर सायकल घसरली. गावकऱ्यांनी त्याला बैलगाडीतून परत आणलं. गाडी दारात आली तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्यांपुढं काय उभं राहिलं असेल, ते मला आज कळतं.

हौसाबाई, त्याची आई, उंबऱ्यात उभ्या होत्या. उंच, काटक, कपाळ मोकळं. त्यांनी आम्हाला घोंगडी टाकली, पाणी दिलं, गुळाचा कोरा चहा दिला. मग माझ्याकडं बघून, आवाज न चढवता म्हणाल्या, "बगितलंस पोरी? आजून लगीन न्हाई. नुसतं नाव काढलं, तर ह्ये आसं झालं."

"आई, रस्ता निसरडा होता," सोपान बाजेवरून म्हणाला.

"त्यो तवाबी निसरडाच हुता."

उशाशी वर्तमानपत्र होतं, घडीवर घडी पडून मऊ झालेलं. सोपाननं ते उघडून पुढं केलं. "मी दाखवलंय आईला. हा बघ म्हटलं तुझा मंगळ. दगड आहेत नुसते."

"दगडालाच शेंदूर लावत्यात लोक," हौसाबाई म्हणाल्या. "दगड हाय म्हून कोण भ्यायचं ऱ्हातंय?"

दादांनी मान खाली घातली. वर्गात त्यांना असं उत्तर कधी मिळालं नसावं. मी मात्र हौसाबाईंचं बोलणं ऐकता ऐकता एकदम शांत झाले. मी त्यांना म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं आहे. मलाही भीती वाटते. दोन दिवस मी अन्नाला शिवले नाही. तुमच्या मनात नसेल तर मी या घरात येणार नाही. यांना काही झालं, तर मलासुद्धा तेच वाटेल, जे तुम्हाला वाटतं. मला तसं जगता यायचं नाही."

"शैला!" सोपान उठायला गेला आणि कळवळून पुन्हा आडवा झाला.

हौसाबाई माझ्याजवळ आल्या. "तू एवढी शिकल्याली. तुला भ्या वाटतं?"

"वाटतं."

त्या खाली बसल्या. माझ्यासमोर, जमिनीवर. वर्तमानपत्र हातात घेतलं, उलटं होतं ते दादांनी सुलट करून दिलं. फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "आन ह्ये यंत्र? त्याला काय क्येलं का मंगळानं?"

"काही नाही," दादा म्हणाले. "नीट उभं आहे. रोज तिथली हवा कळवतंय, वारा किती, थंडी किती."

"एकलंच हाय तितं?"

"एकटंच. वर दोन चंद्र फिरतात मंगळाभोवती. लहान, ओबडधोबड, बटाट्यासारखे. एकाचं नाव फोबॉस, दुसऱ्याचं डायमॉस. ग्रीक भाषेत एकाचा अर्थ भीती, दुसऱ्याचा धास्ती."

"असली कसली नावं? कुणी ठिवली?"

"माणसांनीच. इथून, दुर्बिणीतून बघून. जवळ कुणी गेलं नव्हतं तेव्हा."

हौसाबाईंनी फोटोतल्या दगडांवरून बोट फिरवलं. पागोळ्या पडत होत्या, गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. त्या म्हणाल्या, "व्हय. नावं ठिवायला माणसंच आसत्यात. लांबनंच ठिवत्यात."

आणि मग, कुणी न विचारता, त्या सांगायला लागल्या. त्यांची पत्रिका कधी झालीच नव्हती. ज्वारीच्या काढणीत जन्म झाला, एवढंच त्यांच्या आईला आठवत होतं. वार नाही, वेळ नाही. लग्न झालं तेव्हा कुणी काही पाहिलं नाही. नवरा गेल्यावर दीर कुठल्याशा गावच्या जाणत्याला विचारून आला आणि म्हणाला, हिला मंगळ हाय.

"माझी येळच कुणाला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या, "तर मंगळ कुटनं घावला त्यास्नी? म्या कदी इचारलंच न्हाई. म्या म्हनलं, आसंल. एवढी मानसं म्हनत्यात म्हंजी आसंल."

सोपान छताकडं बघत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

निघताना हौसाबाईंनी माझ्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा दिल्या. हो म्हणाल्या नाहीत. दादांना एवढंच म्हणाल्या, "पाय बरा हुं दे त्याचा. मंग या दोगंबी, वैनीस्नी घिऊन." परतीच्या वाटेवर दादा मोशीच्या पुलावर थांबले, खाली गढूळ पाणी बघत. मी शेंगा सोलून त्यांना दिल्या. आम्ही दोघं उभ्या उभ्या सगळ्या संपवल्या.

लग्न मार्गशीर्षात झालं. सोपान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. या दिवसांत घोटा दुखतो आणि तो खुर्चीवर पाय टाकून कुरकुरत बसतो. ते यंत्र पुढं कितीतरी वर्षं मंगळावरून हवा कळवत राहिलं. मातीत जीव आहे असं सिद्ध झालं नाही, आणि नाहीच असंही शास्त्रज्ञांना एकमतानं म्हणता येईना. ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांत ते एक दिवस बोलायचं थांबलं. इथूनच चुकीची सूचना गेली, त्याचं तोंड फिरलं, मग कितीही हाका मारल्या तरी उत्तर आलं नाही, असं सोपाननं वाचलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

माझी भीती गेली, असं मी म्हणणार नाही. तो उशिरा आला की आजही माझा जीव वर-खाली होतो. पण त्या भीतीतलं मंगळाचं नाव गळून पडलं. ती आता कुणाही बाईची, कुणाही माणसाची असते तशी साधी काळजी आहे. तिच्यात मी गुन्हेगार नसते. हा फरक ज्याला कळायचा त्यालाच कळेल.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही कुरुळीला होतो. सोपान बाजाराला गेला होता आणि दिवस मावळायला आला तरी परतला नव्हता. हौसाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, आणि मी पडवीत बसून वाटेकडं बघत होतो. दोघीही एकमेकींना काही दाखवत नव्हतो. तेवढ्यात आभाळ कडाडलं. मी दचकले, तर आत्याबाईंना हसू आलं.

"त्येबी आसंच भ्यायचं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"सोप्याचा बा. एवढा थोरला गडी, पर ढग वाजला की गोधडीत शिरायचा. म्हनायचा, हौशे, दार लाव. म्या मुद्दाम उगडं ठिवायची."

इतक्या वर्षांत त्या माणसाविषयी त्यांनी मरणाखेरीज दुसरं काही सांगितल्याचं सोपानलाही आठवत नव्हतं. मी विचारलं, "मग?"

"मंग काय. गोधडीतनंच शिव्या द्यायचा." त्या हसत होत्या, अंग हलेपर्यंत हसत होत्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग कितीतरी वेळ तो तिथून काढलाच नाही.